बँड फुटतो, गादी चालते

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला पंचक्रोशी धाकटी पंढरी म्हणते. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही, ते आषाढी एकादशीला गड चढतात, नगद नारायण महाराजांच्या गादीपुढे माथा टेकतात आणि वारी पोचली असं समाधान मानतात. गडाची स्वतःची पालखीही पंढरपूरला जाते. पिढ्यान्‌पिढ्या महंत बदलत आले. एकेकाळी माणिकबाबा होते, अलीकडे शिवाजी महाराज. टाळकरी बदलले, पखवाजावरचे हात बदलले, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली. ‘यंदा पखवाजाला जुना गडी नाही, तेव्हा मी काही येत नाही’ असं म्हणून कुणी वारी चुकवली, हे मात्र ऐकिवात नाही.

रॉक बँडवरचं प्रकरण गडावर सुरू करायला कारण आहे. फुटलेला बँड वीस वर्षांनी पुन्हा उभा राहतो आणि चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये मैदानात उभे राहून ढसाढसा रडतात, हे नारायणगडावरच्या माणसाला समजावून सांगायचं तर आधी एक फरक सांगावा लागतो. आपल्याकडे गाणं गादीचं असतं. माणिकबाबांचे शिष्य भगवानबाबा नारायणगडावरून निघाले आणि त्यांनी पाथर्डी तालुक्यात भगवानगड उभा केला. एका गडाचे दोन गड झाले. दोन्हीकडे भजन सुरू राहिलं, दोन्हीकडे माणसं जातात. भजन थांबलं असं झालं नाही, त्यामुळे ते पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत कुणाला बसावं लागलं नाही.

बँडला ही सोय नाही. एका गल्लीतली नाहीतर एका शाळेतली चार-पाच पोरं जमतात, त्यातला एक गातो, एक गिटार छेडतो, एक ड्रमवर असतो. त्यांच्या एकमेकांशी असलेल्या खेचाखेचीतून जो आवाज तयार होतो तो त्या चौघांचाच असतो. एक गेला की पाटी तीच राहते, पण ऐकणाऱ्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतं की हे ते नव्हे. आणि सगळेच वेगळे झाले तर मागे उरतात फक्त कॅसेटी आणि रेकॉर्डी.

मँचेस्टरच्या ओअ‍ॅसिसचं असंच झालं. नोएल आणि लिअम गॅलघर हे सख्खे भाऊ. थोरला गाणी लिहिणारा, धाकटा गाणारा. ऑगस्ट 1996 मध्ये इंग्लंडातल्या नेबवर्थच्या मैदानात दोन रात्रींत मिळून अडीच लाख माणसं त्यांना ऐकायला आली होती. 28 ऑगस्ट 2009 ला पॅरिसमध्ये रंगमंचावर जायच्या आधीच दोघांचं इतकं वाजलं की त्या रात्रीचा कार्यक्रम तर गेलाच, बँडही गेला. पुढची पंधरा वर्षं भाऊ एकमेकांना जाहीरपणे वाट्टेल ते बोलत राहिले. मग 27 ऑगस्ट 2024 ला घोषणा झाली की दोघं परत येतायत. तिकीटविक्रीच्या दिवशी लोक तासन्‌तास संगणकापुढे रांगेत बसले, आणि नंबर लागेपर्यंत 148 पौंडांचं उभ्याचं तिकीट 355 पौंडांवर गेलेलं. मागणी वाढेल तशी किंमत चढवायची, असा तो प्रकार. लोकांनी शिव्या घातल्या, सरकारी चौकशी लागली. तिकिटं तरीही संपलीच. 4 जुलै 2025 ला कार्डिफमध्ये पहिला कार्यक्रम झाला. दोघं हात धरून मंचावर आले आणि अजून एक सूरही लागला नव्हता तेव्हाच माणसं रडत होती.

दुसऱ्याच दिवशी, 5 जुलै 2025 ला, मुंबईत वरळीच्या डोममध्ये उद्धव आणि राज ठाकरे हे चुलत भाऊ जवळजवळ वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. बीडकरांना त्याआधीचंही आठवेल: 12 ऑक्टोबर 2024 च्या दसऱ्याला इकडे नारायणगडावर मनोज जरांगे पाटलांचा मेळावा भरला होता, आणि त्याच दिवशी तिकडे सावरगाव घाटात पंकजा आणि धनंजय मुंडे ही बहीण-भावंडं बऱ्याच वर्षांच्या दुराव्यानंतर एका मंचावर बसली होती. राजकारणाचा हिशेब राजकारणवाल्यांनी करावा. माझं लक्ष गर्दीकडे आहे. भाऊ भावाच्या शेजारी उभा राहिला की भाषण सुरू होण्याआधीच जी आरोळी उठते, ती कार्डिफमध्ये आणि वरळीत सारखीच होती. गर्दीला त्या क्षणी मुद्दा ऐकायचा नसतो. आपण इतकी वर्षं दोघांनाही मानत आलो, तेव्हा आता एकाची बाजू घेण्याचं ओझं उतरलं, याची ती आरोळी असते.

बँड फुटतात कशावरून? चाहत्यांना वाटतं, अहंकारावरून. असतोही तो, पण अहंकाराच्या खाली बहुतेक वेळा पैसा असतो. गाणं वाजवणाऱ्याला कार्यक्रमाची बिदागी मिळते, आणि गाणं ज्याच्या नावावर लिहिलं आहे त्याला ते जिथे जिथे वाजेल तिथे तिथे हक्काची रक्कम मिळत राहते. पाच जणांनी एका गाडीतून सारखीच धूळ खाल्लेली असते, पण दहा वर्षांनी एकाचा बंगला होतो आणि ड्रमवाला भाड्याच्या घरात राहतो. यू टू आणि आर.ई.एम. या बँडांनी गाणी सगळ्यांच्या नावावर ठेवली. ती दीर्घकाळ टिकली यात त्याचा मोठा वाटा असणार. आपल्याकडे लता मंगेशकर आणि महंमद रफी साठच्या दशकात काही वर्षं एकत्र गायले नाहीत, तेही रॉयल्टीवरूनच. गायकाला रेकॉर्डच्या विक्रीतून वाटा मिळावा असं लताबाईंचं म्हणणं, आणि एकदा मेहनताना घेतला की हक्क संपला असं रफींचं. पुढे समेट झाला, द्वंद्वगीतं पुन्हा सुरू झाली.

दिंडीतही भांडणं होतात. कोण पुढे, कोण मागे, मुक्कामाची जागा कुणाची, पाण्याचा टँकर कुणी अडवला. माणसं आहेत ती. पण ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत त्यावर एक तोडगा शेकडो दिंड्यांनी मान्य केलेला आहे. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळांचा नुसता कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतो आणि एका क्षणात तो अवाढव्य समुदाय गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र थांबत नाही. त्या सबंध शांततेत तिचेच टाळ खणखणत राहतात. चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो, टाळ थांबतात आणि मग आरती होते. राग दुसऱ्या दिवसावर जात नाही. आपली नाराजी वाजवून दाखवायची आणि सगळ्यांनी ती शांतपणे ऐकून घ्यायची, अशी सोय कुठल्या बँडला होती? गॅलघर बंधूंना पॅरिसमध्ये एखादा चोपदार भेटला असता तर सोळा वर्षं वाचली असती.

मराठी माणसाला गाण्यातल्या फाटाफुटीची आणि मनोमिलनाची ओळख मात्र रॉकच्या फार आधीची आहे. 1911 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आणलं. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी बालगंधर्वांची. दोनच वर्षांत, 1913 मध्ये, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे असे तिघे किर्लोस्करांतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे टेंबेही त्यातून निघाले आणि त्यांनी शिवराज मंडळी काढली. इकडे कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी जोरात होती. बालगंधर्वांचा गोडवा आणि केशवरावांची धडाडती तान, असे रसिकांत दोन तट पडले. एक तट दुसऱ्याच्या नाटकाला जायचा तो बहुधा खोड काढायलाच.

आणि मग 8 जुलै 1921 ला मुंबईत ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरमध्ये ‘संयुक्त मानापमान’ झालं. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचं. लोकमान्य जाऊन वर्ष व्हायचं होतं, एक कोटी रुपयांच्या त्या फंडासाठी देशभर पैसा गोळा होत होता, आणि नाटककार खाडिलकर तर टिळकांच्या ‘केसरी’तलेच. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर आमनेसामने! तिकिटं नेहमीपेक्षा कितीतरी महाग होती आणि तरी झुंबड उडाली. गंमत अशी की मनोमिलन मंचावर झालं, प्रेक्षागारात नाही. कुणाच्या पदाला जास्त टाळ्या, कुणाला ‘वन्समोअर’ किती, कुणी कुणाला खाल्लं, यावर पुढची कित्येक वर्षं वाद रंगले. जे त्या रात्री जन्मलेही नव्हते तेही हिरिरीने वाद घालत. माझ्या मते चाहतेपणाचा हा सगळ्यात लोभस नमुना आहे: दोघांना एकत्र पाहायचंय म्हणून पैसे मोजायचे, आणि बघून झाल्यावर आपलाच कसा सरस होता हे सांगत सुटायचं. केशवराव त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला विषमज्वराने गेले. वय अवघं 31. ज्यांनी ते महागडं तिकीट काढलं होतं त्यांनी शहाणपणा केला होता.

आता रॉककडे. धोबीतलावचं रंगभवन हे मुंबईच्या रॉकचं घर. उघड्या आकाशाखालचं नाट्यगृह, शेजारी कॉलेज, जवळच रुग्णालयं. पोलीस हा इंग्रजी बँड 26 मार्च 1980 ला तिथे वाजवून गेला. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचा महोत्सव तिथेच वाढला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी 2003 च्या आसपास रंगभवनातलं मोठ्या आवाजाचं संगीत बंद पडलं. रुग्णालयाशेजारी ढणढणाट नको हे कबूल. पण त्याच्या जोडीची दुसरी जागा मुंबईला मिळाली नाही, हेही तितकंच खरं.

या वातावरणात 1984 मध्ये रॉक मशीन नावाचा बँड उभा राहिला. गायला उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, बासवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस. सारस्वत, गुजराती, पारशी, ख्रिस्ती अशी ही अस्सल मुंबईची मिसळ. दुसऱ्यांची इंग्रजी गाणी हुबेहूब वाजवली तरच टाळ्या मिळतील, असा तो काळ. या पोरांनी स्वतःची गाणी वाजवायचा हट्ट धरला. 1988 ला पहिला अल्बम, 1990 ला दुसरा. 1993 मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं, एमटीव्हीवर त्यांची गाणी दिसू लागली, 1995 ला त्याच नावाचा अल्बम आला. तोवर हिंदी पॉपची लाट आली होती, कंपन्यांना इंग्रजी गाणारा भारतीय बँड विकणं परवडेनासं झालं होतं. 1997 मध्ये बँड मोडला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले.

2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा उभा राहिला, 2012 ला ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. जुन्यांपैकी बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया होते. बास आणि ड्रमवर नवी, तरुण माणसं. कॅसेट पेन्सिलीने गुंडाळून ऐकलेल्या पिढीला ही बातमी म्हणजे दिवाळी होती. पण बँडने एक धीट गोष्ट केली, जी पुनर्मीलन करणारे सहसा करत नाहीत. जुनीच गाणी घोळवत न बसता त्यांनी नवी, लांबलचक, गुंतागुंतीची गाणी केली. समीक्षकांनी वाखाणली. चाहत्यांना मात्र 1988 हवं होतं. प्रत्येक पुनर्मीलनाला हा पेच असतो. कलावंताला वाटतं, आपण पुढे आलो आहोत, ते ऐका. आणि खाली उभा असलेला माणूस तर मागे जायला म्हणूनच आलेला असतो. ओअ‍ॅसिसने हे ओळखलं. 2025 च्या 41 कार्यक्रमांत एकही नवं गाणं नव्हतं; बहुतेक गाणी 1994 ते 1997 मधली, आणि रोज जवळजवळ त्याच क्रमाने.

मागे म्हणजे नेमकं कुठे? याचं उत्तर मानसशास्त्रज्ञांनी शोधून ठेवलं आहे. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग सगळ्यात मोठा निघतो. पहिली नोकरी, पहिलं प्रेम, पहिल्यांदा घर सोडणं सगळं त्याच काळात घडतं, आणि त्या काळात जे कानावर पडलं ते सगळ्याला चिकटून बसतं. दुसरी गोष्ट मेंदूतली. माँट्रियलच्या मॅगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की आवडतं संगीत ऐकताना डोपामीन हे सुखाचं रसायन दोनदा स्रवतं: एकदा गाण्याच्या परमोच्च जागी, आणि त्याआधी एकदा, ती जागा आता येणार या नुसत्या अपेक्षेने. ओळखीच्या गाण्यात ती जागा कुठे आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणजे सुखाचा एक हप्ता गाण्याआधीच हातात पडतो. आता ही अपेक्षा काही सेकंदांची नसून सोळा वर्षांची असेल तर काय होत असेल, हे प्रयोगशाळेत मोजता येत नाही; पण कार्डिफमध्ये सूर लागायच्या आधी लोक का रडले याचा अंदाज येतो.

बँड परत आला म्हणजे किती जण परत यायला हवेत? मुंबईकरांनी याची परीक्षा दोनदा दिली आहे. 9 डिसेंबर 2012 ला गन्स अँड रोझेस वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर आले. नाव तेच, गाणी तीच, गाणारा अ‍ॅक्सल रोझही तोच. पण उंच काळी टोपी घालणारा गिटारवाला स्लॅश नव्हता. तो 1996 मध्येच बाहेर पडला होता. गिटारी वाजवणारे दमदार होते, सूर जागच्या जागी होते. तरी परतणाऱ्या गर्दीत ‘स्लॅश असता तर’ हेच चाललेलं. त्याच वर्षी अ‍ॅक्सलने जुन्या मंडळींबरोबर पुन्हा येणं या जन्मी शक्य नाही अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं. 2016 मध्ये दोघं एकत्र आले तेव्हा दौऱ्याला त्यांनी तेच नाव दिलं: ‘नॉट इन धिस लाइफटाइम’. त्या दौऱ्याने 58 कोटी डॉलरहून जास्त कमावले. म्हणजे या जन्मी नाही म्हणताना किंमत ठरली नव्हती इतकंच! मग 17 मे 2025 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर स्लॅश आणि बासवाला डफ मकेगन यांच्यासह तोच बँड आला. मूळ पाचांपैकी तीन. अ‍ॅक्सलचा गळा 2012 पेक्षा थकलेला होता, आणि आनंद कितीतरी जास्त. ज्याला संगीताचा दर्जाच हवा असतो तो याला अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. माणसं तिथे दर्जा तपासायला गेली नव्हती.

एक उदाहरण मात्र थेट आपल्या परंपरेतलं वाटावं असं आहे. लेड झेपेलिनचा ड्रमवादक जॉन बोनम 1980 मध्ये मेला आणि उरलेल्या तिघांनी बँड बंद केला. त्याच्या जागी दुसरा बसवणं त्यांना पटेना. 10 डिसेंबर 2007 ला लंडनच्या ओटू सभागृहात ते एका रात्रीसाठी एकत्र आले. सुमारे वीस हजार जागांसाठी दोन कोटी अर्ज आले असं आयोजकांनी सांगितलं. ड्रमवर कोण? जॉनचा मुलगा जेसन. कुणीही कुरकुर केली नाही. वडिलांच्या जागी मुलगा बसला म्हणताच गादी रिकामी राहिली नाही, आणि इंग्रज चाहत्याला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि आपल्या बाजूला चाहत्यांसारखी वाट पाहणं कधी आलंच नाही असंही नाही. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे पायी वारी बंद राहिली. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसमधून मोजक्या माणसांनिशी पंढरपूरला नेल्या गेल्या. गादी होती, देव होता, अभंग तर घरोघरी पाठ. तरी माणसं तळमळत होती. 2022 च्या ज्येष्ठात पालख्या पुन्हा पायी निघाल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या बायाबापड्यांचे डोळे वाहत होते, आणि ऐकायला मिळणार होतं काय, तर लहानपणापासून ऐकलेलं तेच भजन, ठरलेल्या क्रमाने. नवं काही नको होतं. शेजारी टाळ वाजवणारा माणूस हवा होता. रॉक चाहत्याचीही भूक नेमकी तीच आहे. आपलं आवडतं गाणं त्याच्या खिशातल्या फोनमध्ये चोवीस तास पडलेलं असतं. त्यासाठी रेसकोर्सवर जायची गरज नाही. ते गाणं आपल्याइतकंच पाठ असलेली हजारो माणसं एका जागी मिळणं, हे फोनमध्ये नसतं. फरक इतकाच की वारीला तिकीट नाही, आणि मागणी वाढली म्हणून विठोबा महाग होत नाही.

तेव्हा कुठल्या जुन्या बँडची जाहिरात दिसली तर पाटीवर विसंबू नका, पाटीखालची नावं वाचा. तुम्ही ज्याच्यासाठी कॅसेट घासली तो त्यात असेल तर गळा कसा लागेल याची चिकित्सा करत बसू नका. ‘पुढच्या वेळी बघू’ तर मुळीच म्हणू नका. लेड झेपेलिन 2007 च्या त्या रात्रीनंतर पुन्हा मंचावर आलेले नाहीत.